स्वच्छ खोली

भागाबाई तान्ह्या नातीला छातीशी धरून विजेच्या शेगडीजवळ बसली होती. भोवतीच्या पिंजऱ्यांत गिनीपिग गवत कुरतडत होते. डॉ. भारंबे दारातच थांबले.

"यांना आत कोणी घेतलं?"

"मी आनं, साहेब," झुलाल पिंजऱ्यामागून पुढे आला. मेडिकल कॉलेजच्या या प्राणिघरात जनावरांचं सगळं तोच बघायचा, आणि भागाबाई त्याची बायको. "पोरगीनी छाती भरेल शे. वॉर्डमा भलती थंडी शे. खिडकीले काच नही."

डिसेंबरातली धुळ्याची थंडी होती. समोरच्या इमारतीत बालरोगाच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं होती आणि फुटक्या काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. झुलालची बाळंतीण लेक शेजारच्याच वॉर्डात तापाने पडून होती. पोरीला ऊब द्या, एवढं सांगून तिथला डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला होता. आणि त्या सगळ्या आवारात उबदार म्हणावी अशी एकच जागा झुलालला माहीत होती.

प्राणिघरात दोन खोल्या होत्या. एका खोलीतल्या गिनीपिगांच्या नाकात खोकल्याचा विषाणू सोडलेला होता. ही दुसरी, स्वच्छ. इथल्या जनावरांना काहीच दिलेलं नव्हतं. आजारी जनावरांची तुलना यांच्याशी करायची होती. त्यामुळे इथे थंडी, धूळ, बाहेरचं माणूस, काहीच चालत नव्हतं. दर हिवाळ्यात या भागातली तान्ही पोरं कोणत्या विषाणूने दगावतात, हे भारंब्यांना शोधायचं होतं. या दोन खोल्या मिळवण्यासाठी त्यांनी मुंबईला किती खेटे घातले होते, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांनी पोरीकडे पाहिलं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. नाकपुड्या फुलत होत्या. त्यांना कळायचं ते कळलं.

"भागाबाई, इथे बसू नका. या खोलीत रोगाचे जंतू आहेत. पोरीला लागतील."

झुलालने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रोगाची खोली पलीकडची. तिला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच कमरेला होती. भारंब्यांनी नजर शेगडीकडे वळवली.

"रोग ते तिले व्हयेलच शे, साहेब," भागाबाई म्हणाली. "आठे तिना जीव जरा शांत शे."

"मी वॉर्डात सांगतो. चादरी देतील."

त्यांनी अंगातला स्वेटर काढून पोरीभोवती गुंडाळला. भागाबाई उठली. ती बाहेर पडताच गार वारा आत शिरला, आणि झुलालने सवयीने लगेच दार लावून घेतलं.

भारंब्यांनी वॉर्डात खरंच सांगितलं. नर्स म्हणाली, चादरी धोब्याकडे गेल्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली. झुलाल कामावर परतला त्या सकाळी स्वेटर धुऊन, घडी घालून भारंब्यांच्या टेबलावर ठेवलेला होता.

पुढच्या आठवड्यात स्वच्छ खोलीतले गिनीपिग मलूल दिसू लागले. केस पिंजारलेले, नाकं ओली. एक मेला, मग आणखी काही. सगळा प्रयोग फुकट गेला होता. भारंब्यांना झुलालवर ओरडायचं होतं, पण तो समोर येऊन उभा राहिला की ते पिंजऱ्यांकडे वळत. त्यांनी मेलेल्या जनावरांची फुप्फुसं काढली, बर्फात ठेवली आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवून दिली.

पुण्याहून फोन आला. विषाणू सापडला होता. पलीकडच्या खोलीतला नव्हे, निराळाच, इथला. भारंब्यांनी फोन ठेवला. ज्याच्या मागे ते इतकी वर्षं होते, ते आजीच्या कुशीतून त्यांच्या शेगडीपाशी आलं होतं. आणि त्यांनी दार दाखवलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आनंदही झाला आहे. तो काही केल्या जाईना.

संध्याकाळी ते झुलालच्या घरी गेले. झुलालने खाट टाकली. भागाबाई ओट्यावर सूप घेऊन डाळ निवडत होती. भारंब्यांनी समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. हा विषाणू तुमच्या नातीकडून आला. तो आता पुण्यात जपून ठेवतील, वाढवतील. पुढेमागे त्यावरून लससुद्धा निघेल. कितीतरी पोरं वाचतील.

झुलाल मान हलवत ऐकत राहिला.

"त्याला नाव द्यावं लागतं," भारंबे म्हणाले. "गावाचं देतात बहुतेक. पण मला वाटलं, तुमच्या नातीचं द्यावं. काय नाव होतं तिचं?"

झुलालने बायकोकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"बारसं व्हयेल नव्हतं, साहेब. लेकना ताप उतरना का करूत, असं ठरेल व्हतं."

आतल्या खोलीतून, वॉर्डातून घरी आणलेल्या लेकीच्या कण्हण्याचा आवाज आला आणि थांबला.

"मग गावाचंच देतो," ते अखेर म्हणाले. "धुळे-एक."

भागाबाईने सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. तिने वर पाहिलं नाही.

"द्या, साहेब. रोगले तरी नाव भेटू द्या."