पाचवा व्हॉल्व्ह

चौथा व्हॉल्व्हही वाया गेला. अण्णांनी अॅम्प्लिफायर बंद केला, त्या दिव्यासारख्या नळीची तापलेली काच निवेपर्यंत चडफडत बसले आणि मग फडक्याने धरून तो उपसून काढला.

आउटपुटचे दोन मोठे व्हॉल्व्ह जोडीचे होते. त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. अडत होतं ते त्यांना रेटा देणाऱ्या छोट्या ड्रायव्हर व्हॉल्व्हपाशी. कुठलाही लावा, रेकॉर्डवरचं व्हायोलिन वरच्या सुरांत चढलं की विरून जायचं. पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी अण्णांनी तीस वर्षं फिटरकी केली होती. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हाताने केलेल्या अॅम्प्लिफायरवर ही एक रेकॉर्ड ऐकायची, एवढी एकच हौस त्यांनी जपली होती.

पाचवा बसवला. आवाजाचं बटण आणखी पिळलं.

"कसं वाटतंय?"

बायको खिडकीशी उसवलेली उशी शिवत होती. डोक्याला घट्ट रुमाल. तीन दिवस सर्दी झालीय म्हणत होती. तिने मान वर केली नाही.

"अगं, तुला विचारतोय! बहिरी झालीस की काय?"

ती दचकून मोठ्याने म्हणाली, "झाले असेन. वय झालं आता. छान वाजतंय हो."

"मघाच्यालाही छानच म्हणालीस. तुझ्यापेक्षा ती उशी बरी. निदान खोटं तरी बोलत नाही."

ती हसली. हातातली सुई पडली म्हणून वाकली, आणि रुमाल घसरून खांद्यावर आला. तिच्या दोन्ही कानांत उशीतल्या कापसाचे बोळे होते. ठासून भरलेले.

ती घाईघाईने रुमाल वर ओढू लागली. अण्णा उठले. एकेक करून त्यांनी दोन्ही बोळे काढले. तिचे डोळे गच्च मिटले, खांदे आकसले.

"खरं सांग. यातला कुठला व्हॉल्व्ह चांगला?"

"पहिलाच चांगला होता हो," ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "सगळेच चांगले आहेत."

अण्णा परत गेले. तिच्या कपाळाकडे बघत बटण मागे फिरवू लागले. थोडं. आणखी थोडं. आठ्या गेल्या, खांदे सैल झाले, तिथे ते थांबले.

तिन्ही व्हॉल्व्ह लालसर उजळले होते. रेकॉर्ड फिरत होती. अण्णांच्या कानांवर आता एकही सूर येत नव्हता.

बायकोचं बोट उशीवर ताल धरू लागलं. त्या बोटाकडे बघून अण्णाही मान डोलवू लागले.