सडकेचा बाजा

रेल आली आणि बैलगाडीनं नागपूरला धान नेण्याचा उदारामचा धंदा बसला. जोडीतला एक बैल सडकेवरच मेला होता. उरलेल्या लंगड्याला त्यानं मोकळं सोडलं. मग गाडी मोडली. चाक, आख, घागरमाळ, सगळं जुवाला बांधून त्याचा एक बाजा केला.

दवनीवाड्याच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, त्यानं चाक फिरवलं. आख करकरला, घुंगरं वाजली.

"काय वाजवून राहिला गा हे?" गर्दीतल्या शालीकरामनं विचारलं.

"सडक. आता चालाची नाही, नुसती आयकाची."

लोक खुशीत हसले.



कडेच्या चिंचेखालून त्याचाच म्हातारा बैल उठला, लंगडत आला आणि डावीकडे जोडीदाराची जागा सोडून जुवाखाली मान घालून उभा राहिला.