मालकांची गोळी

सोलापूरबाहेरच्या रेंजवर शंकरप्पा सुभेदार कॅडेट मुलींना समजावत होते, "गोळी निशाणाकडं जाती. बारुदाचा गॅस रायफलीतल्या बोल्टला, म्हंजी मागं-पुढं सरकणाऱ्या दांड्याला, मागं ढकलतो. बोल्ट गोळी सुटल्यावर मागं उरलेली रिकामी पुंगळी वढून उजवीकडं भिरकावतो आन् स्प्रिंगच्या जोरानं पुढं येताना नवी गोळी आत सारतो. पुंगळ्या मात्र एकूण एक परत द्यायच्या."

महेश्वरीनं पाच गोळ्या झाडल्या. तिच्या उजव्या हाताला प्रमुख पाहुणे शिवराजमालक गोळी नसलेली रायफल धरून फोटोसाठी पालथे पडले होते. नंतर पुंगळ्या चारच भरल्या. पाचवी सापडली नाही, तर दिल्लीच्या कॅम्पमधून महेश्वरीचं नाव कटणार होतं.

तासभर ती उन्हात गुडघ्यांवर बसून गवत चाचपत राहिली.

"पोरीचे खिसे तपासा की, सुभेदार!" कपड्यांची धूळ झटकत मालक म्हणाले.

महेश्वरीनं रडत रडत दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

"मालक, पोर तशी न्हाय," सुभेदार म्हणाले.

"मग काय पुंगळीला पाय फुटले व्हय? लई लाड करताय तुमी. जरा शिस्त लावा!"

एवढं बोलून मालक गाडीत बसून निघून गेले. कॅम्पच्या यादीतून महेश्वरीचं नाव सुभेदारांना स्वतःच्या हातानं खोडावं लागलं.

संध्याकाळी सुभेदारांनी मोबाइल उघडला, तर मालकांच्या स्टेटसवर फोटो होता. बोटांच्या चिमटीत रिकामी पुंगळी, आणि खाली लिहिलं होतं, 'निशाणाच्या बरोबर मधोमध घुसलेली हीच ती माझी गोळी!'