चष्मा फ्रीजवर

गुडघे झिजलेत आणि मांड्यांतली ताकद गेलीय, म्हणून रोज तीस वेळा खुर्चीतून उठायचं, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं. मी स्पष्ट सांगितलं, "उठाबशा काढायला मी काय शाळेतला पोरगा आहे?"

त्याच आठवड्यापासून बायकोला विसरायला व्हायला लागलं. माझा चष्मा फ्रीजवर, रिमोट बाथरूमच्या खिडकीत, पेपर बाहेरच्या दाराला अडकवलेला. विचारलं की म्हणायची, "अगंबाई, कुठे ठेवला बरं? बघा ना जरा उठून." तीन महिने हा ताप सोसला. शेवटी माझ्याच जिवाला घोर लागला आणि मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथली लिफ्ट बंद होती, त्यामुळे दोन जिने चढलो. काठी घरीच राहिली, कारण तीही हिनेच कुठेतरी ठेवली होती.

डॉक्टरांनी तिला हळुवारपणे विचारलं, "आजी, आज सकाळपासून काय काय झालं, आठवतंय का?"



"हे घरात सव्वीस वेळा उठले, तुमच्या बाहेरच्या बाकावरून एकदा. तीन राहिलेत."