सहावं घर

लॉयडच्या वडिलांचं रिव्हॉल्वर मोठ्या काडतुसासाठी बदलायचं काम ऑर्विलकडे होतं. त्याची दहाही बोटं शाबूत होती; मॉन्टानात कारागिराला एवढी जाहिरात पुरते. मोठ्या काडतुसाला जाड भिंत लागते, म्हणून गोळ्यांच्या सहा घरांचं चक्र काढून त्याने पाच घरांचं बसवलं.

“फुटलं तर बाबांची उरलेली एकमेव आठवण गेली, ऑर्विल,” लॉयड म्हणाला.

“आणि माझी जाहिरात!”

पाच बार झाले. निशाणाची पोलादी पाटी पाचदा वाजली. लॉयड नाचलाच, बायकोलाही नाचवलं.

ऑर्विल चक्र एकेक घर फिरवत, दांडीने ढकलून एकेक रिकामी पुंगळी टोपीत पाडू लागला. बघायला जमलेले आम्ही ओरडून मोजत होतो. पाच! चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने चक्र आणखी एक घर फिरवून दांडी दाबली.

टोपीत सहावी पडली. जुन्या मापाची, गरम.