बिनलेबलाची बाटली

बाटलीचं काय लिहायचं, एवढंच राहिलं होतं.

बाकी खोका सरळ होता. झाकणावरच्या चित्रात खजुराचा डबा, मधाची बरणी, बिस्किटांचा पुडा आणि लाल सरबताची बाटली छापलेली होती. आत ज्याच्या त्याच्या आकाराच्या खाचेत खजूर, मध, बिस्किटं नीट बसली होती. सरबताच्या खाचेत मात्र सरबत नव्हतं. तिथं खोकल्याच्या औषधाची जुनी, तपकिरी बाटली होती. हलू नये म्हणून भोवती कापूस गच्च भरलेला. बाटलीवर लेबल नव्हतं.

मुंबईच्या कस्टमनं खोक्यावर चिठ्ठी डकवली होती : 'भेटसंच, खाद्यपदार्थ व पेय. एक द्रव अनोळखी. दारू असल्यास जप्त करावा. नसल्यास नाव लिहून द्यावा.'

म्हणून गंगाखेडच्या पोस्टात बन्सीधरला बोलावलं होतं. तो उत्पादन शुल्क खात्याचा नवा निरीक्षक, रसायनशास्त्राचा पदवीधर.

टेबलापलीकडे मनकर्णाबाई बसली होती. खोक्याचं उघडं झाकण तिच्या बाजूला असल्यानं आतलं तिला दिसत नव्हतं. कुवेतात लढाई पेटल्यापासून तिच्या सुग्रीवचा कागद आला नव्हता. आता हा खोका आला होता, आणि पाठवणाऱ्याच्या जागी सुग्रीवचंच नाव होतं. आल्या आल्या तिनं पोस्टातल्या सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता.

"मावशी, लेकानं मायला इलायती धाडली का काय?" पोस्टमास्तर व्यंकटराव म्हणाले.

"तुमचं आपलं कायबी! माळकरी हाय महं लेकरू." ती तोंडाला पदर लावून हसली. "लवकर करा साहेब. खजूर गल्लीत वाटायचाय. जित्ता हाय म्हणून सांगायचंय समद्यायला."

बन्सीधरनं बाटली उचलली आणि त्याचा हात थबकला. बाटली गार होती.

चैत्राचं ऊन होतं. खोका सकाळपासून खिडकीत होता. पुठ्ठा तापलेला, मधाची बरणीही कोमट. काही द्रव सावकाश तापतात हे त्याला ठाऊक होतं, पण इतके सावकाश नाही. त्यानं बरणीला पुन्हा हात लावला, मग बाटलीला. मग तो विचार बाजूला सारून कामाला लागला.

बुचावर मेणबत्तीचं मेण होतं. ते खरवडून त्यानं वास घेतला. वास नव्हता. चमच्यात थेंब घेऊन काडी धरली. काडी विझली. दुसरा थेंब काचेच्या पट्टीवर आटवला. पांढरी कड उरली आणि आत बारीक गाळ, नदीचा असतो तसा.

"पाणी आहे," तो म्हणाला. "नुसतं पाणी."

व्यंकटरावांना हसू आवरेना. "मावशी, तिकडं तेलापरीस पाणी महाग म्हणत्यात. लेकानं मोलाची चीज धाडली बघा!"

मनकर्णाबाई हसली नाही. "बघू," म्हणून तिनं हात पुढं केला.

बाटलीच्या अंगावर औषधाच्या मापाच्या उठावाच्या रेघा होत्या. तिनं त्या बोटानं चाचपल्या. बुडाचा टवका चाचपला.

"ही मीच भरली व्हती," ती म्हणाली. "घाटावर. पार गळ्यापस्तोर. वरून लाख लावली. जाताना त्याच्या पेटीत घातली."

बन्सीधरनं खरवडून काढलेल्या मेणाकडं पाहिलं. त्याच्याही घरी देव्हाऱ्यामागं गोदावरीचं पाणी असंच बंद करून ठेवलेलं होतं. ते पाणी तहानेला कोणी पीत नाही. शेवटच्या घटकेला जाणाऱ्याच्या तोंडात घालायला ठेवतात.

तिनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाणी गळ्यापासून एक रेघ खाली होतं.

"साहेब, तुमी किती काढलं?"

"थेंब-दोन थेंब, मावशी."

"वाटंत सांडलं असंल," व्यंकटराव म्हणाले. त्यांचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

"सांडल्यावर मेण कोण लावतंय?"

तिनं बाटली पुन्हा खाचेत ठेवली. कापूस भोवती नीट दाबला. खजुराच्या डब्याकडं तिनं पाहिलंही नाही.

बन्सीधरचा पेन चिठ्ठीवर तसाच टेकलेला होता. शाईचा ठिपका पसरत चालला होता.

"लिवा की साहेब," ती म्हणाली. "उष्टं पाणी."