दगडावरचा फोटो

श्रीमंतरावांनी कानातलं यंत्र काढलं आणि खिशात कोंबलं. विशाखा मॅडम माइकवर बोलायला लागल्या की ते हेच करायचे. सहलीतल्या बाकी सगळ्यांच्या कानात मॅडमचा आवाज, यांच्या कानात नुसता ग्रीसचा वारा.

नायगावकडच्या एका कॉलेजची ही अभ्याससहल. इतिहासाच्या विशाखा मॅडमनी ती आखली, प्रत्येक पडक्या देवळापुढं उभं राहून पोरांना माहिती समजावून सांगितली. संस्थेचे सचिव श्रीमंतराव मात्र ग्रीस बघायला आले नव्हते. कॉलेजला नवा प्राचार्य निवडायचा होता. नोकरीत मॅडम सगळ्यांत जुन्या, अभ्यास त्यांचा मोठा, आणि अर्जही त्यांनी केलेला. सचिवांना ती खुर्ची घरातच हवी होती. अर्ज मागं घ्या, असं ते अथेन्सला मॅडमना बाजूला नेऊन म्हणाले. डेल्फीला पुन्हा म्हणाले. मॅडमनी दोन्ही वेळा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा तर सगळ्यांसमोर. तेव्हापासून श्रीमंतराव आतल्या आत धुमसत होते.

मॅडमनी घरून डबाभर धपाटे आणले होते, सोबत शेंगदाण्याची चटणी. बसमध्ये डबा फिरला की श्रीमंतरावांचा उपास निघे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा. बुधवारी कोणता देव काढावा हे त्यांनाही सुचेना, तरी उपास होताच. त्याच सकाळी हॉटेलात त्यांनी आम्लेट हाणलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. मॅडमचं घर बौद्ध. कारण एवढंच. पण ते तोंडावर म्हणायची आता सोय उरली नाही, म्हणून बिचाऱ्या देवांना कामाला लावायचं.

त्यांची बॅग उचलायला भाचा होता, सुदर्शन. मामांनीच त्याला कॉलेजात चिकटवला होता. तेव्हापासून मामा म्हणतील त्याला हा ‘हाव’ म्हणत आला. भाचा वर्गात नेमकं काय शिकवतो, हे मामांनी कधी विचारलं नाही. धपाट्यांचा डबा मागच्या सीटवर गेला की सुदर्शन तिकडं जाऊन बसे आणि खाली मान घालून खाई. खाताना त्याला स्वतःचीच लाज वाटे.

आज एपिडॉरसचं जुनं नाट्यगृह होतं. आपली एखादी बारव अर्धी कापून डोंगराला टेकवावी, तसं. खाली गोल अंगण, त्याच्या मधोमध एक दगड, आणि वर चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. मॅडम माइकवर काहीतरी बोलल्या. पोरं हसली आणि धावतच वर निघाली. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब काठी टेकत, पोरांचा हात धरून शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मॅडमही गेल्या. श्रीमंतरावांचे गुडघे दुखत होते, आणि बाईच्या मागं चढायचं तर त्यांच्या जिवावरच आलं होतं. ते खालीच राहिले. सुदर्शन बॅग घेऊन शेजारी.

“मामा, असं मधी या,” सुदर्शन म्हणाला. “त्या दगडावर उभं ऱ्हावा. फोटो लई भारी येईल.”

फोटो म्हटल्यावर मामा दगडावर चढले. शर्ट नीट केला, छाती काढली. सुदर्शननं मोबाईल वर धरला, पण फोटो काही निघेना.

“मामा, एक इच्यारू? प्राचार्य कोण होणार?”

श्रीमंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. अंगणात दोन-चार गोरे फिरत होते. त्यांना मराठी कळायचं कारण नव्हतं. आपली माणसं पार तिकडं वर, बोटाएवढी दिसत होती.

“तू. दुसरं कोण?”

“मॅडमचा अर्ज हाय की. मुलाखत हाय.”

“मुलाखत नुस्ती नावाला.” मामा मनापासून हसले. “आप्पासाहेबाचं काय घेऊन बसलास, ते म्हातारं मी बोट ठेवीन तिथं सही करतंय. आन् जिच्या हातचं धपाटं मी तोंडात घालत न्हाई, तिच्या हातात कॉलेज देऊ व्हय? काढ फोटो.”

सुदर्शननं फोटो काढला. फोटोत मामा छान हसत होते.

मग त्यांच्या लक्षात आलं, वर कुणी हलत नाही. मघाची पोरांची हसाहशी बंद पडली होती. अख्खी शेवटची ओळ त्यांच्याकडंच बघत होती. विशाखा मॅडम ताठ बसून होत्या. आप्पासाहेब काठीवर भार देऊन उठले आणि एक-एक पायरी खाली यायला लागले. कुणाचा हात त्यांनी धरू दिला नाही.

श्रीमंतरावांनी खिसा चाचपला, यंत्र बाहेर काढलं आणि हातात धरून नुसते बघत राहिले.

“काय सांगितलं होतं रे बाईनं?”

“की मधल्या दगडावर उभं राहून कागद जरी फाडला, तरी शेवटच्या ओळीत ऐकू येतो. वर बसा, गप ऱ्हावा आन् ऐका.”

“आन् तूबी आत्ताच ऐकलंस ते?”

सुदर्शननं मामांची बॅग खांद्यावरून उतरवली आणि त्यांच्या पायाशी, दगडावर ठेवली.

“न्हाई मामा. मी तर एवढी वर्षं पोरांना हेच शिकवून राहिलो.”